सातपहाडातला निळा ताप

घाटंजी
१२ जून २०२५

अतुल,

आशीर्वाद पहिले, भांडण मागून. ताई अजून पत्र लिवते म्हणून हसशीन, तर हसून घे. घरात फोन एकच, तो बबलूचा. सख्खा भाऊ असला तरी लग्न झालेल्या बहिणीचा फोनवर हक्क राहत नाही. दिवसभर तो ट्रॅक्टरवर अन् फोन त्याच्या खिशात. संध्याकाळी सात ते आठ मले भेटते. तो तास मी तुले मेसेज करण्यात काहून घालू? चुलतभावाले पाकीट चालते.

तो तास माह्या खुशीचा आहे. ती राळेगावले, तिच्या बापाजवळ अन् आजीजवळ. मी इथं मायकडे. मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिच्या हाताखाली कोनी पाहिजे म्हणून आली अन् राह्यली. फोनवर खुशी दोन शब्द बोलते. जेवली का, तर हो. शाळेत गेलती का, तर हो. बाजूले आजी उभी राह्यते ना. पन तू बनवलेल्या त्या मोबाईलवरच्या खेळात, सातपहाडात, आली की तिचं तोंड थांबत नाही. पटापटा टाइप करते, अर्धं चुकते, पन बोलते. तिथं ती अस्वलवाली आहे अन् मी गोफणवाली. नदी आली की मी तिले खांद्यावर घेतो. राक्षस आला की ती अस्वलामागं लपते अन् म्हणते, आई तू मार. नऊ वर्षांची पोरगी आहे, चौथीत गेली, अन् दोन महिन्यांपासून मी तिची वेणी घातली नाही. तिची माही भेट होते ते तिथंच.

काल खेळ उघडला तं पाटी आली, लवकरच सातपहाडात निळा ताप येणार. माणसाचं आंग निळं पडते, लोक दारं लावून घेतात, असं चित्र. अतुल, हे तुहं काम असन तर काढून टाक. राक्षस मारायले आम्ही येतो कारण घरी राक्षस नाही. रोग कायले पाहिजे खेळात? गावात कमी आहेत का?

काकूले फोन केला तं सांगजो मी आठवण काढली म्हणून.

तुही ताई,
उर्वशी


पुणे
२१ जून २०२५

प्रिय उर्वशीताई,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. वॉचमन स्वतः वर घेऊन आला, म्हणे साहेब तुम्हाला कोणी पाकीट पाठवलंय, नोटीस तर नाही ना. मी टेबलाखाली धरून वाचलं. इथे माझ्याशी 'काहून' म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे दोनदा वाचलं.

आता भांडण. हो, निळा ताप माझाच आहे. खेळाची चित्रं काढणारे, तो चालवणारे वेगळे, मी फक्त त्यातल्या गोष्टी लिहितो, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. तू विचार कर. राक्षसाला आता कोण भितं? तलवार चालवली की संपलं. मेलात तर पुन्हा उठता. आपल्या खेळात वैदू आहे, जडीबुटीचं दुकान आहे, आणि त्या बिचाऱ्याकडे कोणी जात नाही कारण कोणाला काही होतच नाही. रोग आला की माणूस सांभाळून पाणी पितो, सोबत कोण आहे बघतो. ते जग खरं वाटायला लागतं. आमच्या अर्पिता मॅडम, म्हणजे आमच्या मुख्य, त्याही पहिल्यांदा नको म्हणत होत्या. लोक पैसे देऊन आजारी पडायला येतील का, असं त्यांचं म्हणणं. मग मी त्यांना मारबत सांगितली.

तुला आठवते ना? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अंधारात उठून आपण मारबतीचा पुतळा शिवेबाहेर न्यायचो. घेऊन जाय वं मारबत, खोकला-खासी घेऊन जाय, इडापिडा घेऊन जाय. सगळ्यात मोठा आवाज तुझा. बबलू घाबरून रडायचा. मी तेच घेतलं. गावात कोणी निळं पडलं की लोक डफ घेऊन येतात, ओरडत त्याला वेशीबाहेर नेऊन सोडतात, आणि वेस बंद. सातव्या पहाडावरची मुळी आणून पूर्ण बरा झाला तरच आत. आम्ही करून बघितलं तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. आपल्या घाटंजीची मारबत लाखभर लोक बघणार आहेत, ताई. तुला तर आनंद व्हायला हवा होता.

तू फार हळवी झालीस. खुशीला सांग, तिच्या अस्वलाला ताप येत नाही.

काकूचा गुडघा कसा आहे? आईला विचारलं तर ती विषयच बदलते.

तुझा,
अतुल


घाटंजी
२९ जून २०२५

अतुल,

मायचं गुडघं ठणठणीत आहे. काल ती माह्यासाठी दोन हंडे पाणी घेऊन आली. कोनतंच ऑपरेशन झालं नाही.

मले टीबी झाली आहे. तुह्या मायले माहीत आहे, म्हणून ती विषय बदलते. मीच तिले सांगितलं होतं, अतुलले कळू देऊ नका, पोरगं एकटं राह्यते तिकडं. पन तुहं पत्र वाचलं अन् मले राहवलं नाही.

होळीपासून खोकला होता. सगळे म्हणत कापसाची धूळ गेली असन. मंग ताप, मंग आंगावरचं मांस गेलं, मंग सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. डॉक्टर चांगला होता, म्हणे सहा महिने गोळ्या खा, बरी होशीन, यात काही लाजायचं नाही. घरी येऊन मी तसंच सांगितलं. त्याच दिवशी सासूनं माही खाट गोठ्याच्या बाजूच्या खोलीत लावली. खुशीले म्हणाली, आईजवळ जाऊ नको, आई झोपली आहे. पोरगी दारात उभी राहून पाह्यची. आठ दिवसांनी तुह्या भाऊजींनी मले गाडीवर बसवलं अन् इथं आणून सोडलं. बरी झाली की घ्याले येतो म्हणाले. वाईट नाही रे ते, त्यायच्या मायपुढं बोलत नाहीत. मी निघाल्यावर माही गोधडी सासूबुढीनं शिवेबाहेर नेऊन जाळली, हे मले शेजारणीच्या फोनवरून समजलं. माह्या मायनं शिवलेली गोधडी होती.

इथं माय अन् बबलू आहेत, ते काही कमी पडू देत नाहीत. पन समोरच्या विमलताई, ज्या रोज दुपारी निवडायले तांदूळ घेऊन यायच्या, त्या आता कुंपणापलीकडून विचारतात, कसं आहे उर्वशी, अन् उत्तर ऐकायच्या आधी आत जातात. दिवसभर मी भिताडाशी बोलतो. गोळ्या खाल्ल्या की मळमळते, पडून राहतो, अन् सात वाजायची वाट पाहतो.

आता तुले समजलं का मी कायले भांडून राह्यली? साऱ्या जगात ती एकच जागा आहे जिथं मी बिमार नाही. तिथं माहं आंग धडधाकट आहे, मी पोरीले खांद्यावर घेऊन नदीतून नेतो. खुशीले वाटते मी आजीच्या गुडघ्यासाठी थांबली. उद्या तुहा ताप मले लागला तर माह्या पोरीच्या डोळ्यांपुढं गाववाले मले डफ वाजवत वेशीबाहेर काढतीन. अन् तू म्हणतो, आनंद व्हायले पाहिजे.

मारबतीसंग रोग नेतात रे. माणूस नाही नेत. इतकं बी विसरला का तू पुण्यात जाऊन?

उर्वशी


पुणे
८ जुलै २०२५

ताई,

पत्र मिळाल्यावर बबलूच्या फोनवर सारखा फोन केला. त्यानं वावरातून उचलला आणि म्हणाला, अतुलभाऊ, ती बरी आहे, तिला उगाच रडवू नका. मी फोन ठेवला.

मला खरंच माहीत नव्हतं. आईवर ओरडलो, मग तिलाच रडायला आलं. तू जे मारबतीचं लिहिलंस ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिलो. चूक माझी आहे. पुतळ्याच्या जागी मी माणूस उभा केला आणि इतक्या जणांतल्या एकालाही त्यात काही खटकलं नाही, कारण मारबत पाहिलेला मी एकटाच.

अर्पिता मॅडमना सांगितलं, ताप काढून टाकू. तुझं नाव, आजार काही बोललो नाही, नुसतंच काढू म्हणालो. त्या म्हणाल्या, अतुल, जाहिरात झाली, लोक वाट बघतायत, आणि कल्पना तुझीच होती ना. थांबत नाही आता. या महिन्याच्या शेवटी येणार.

पण ताप कोणाला लागतो ते नियम मीच लिहितो, म्हणून एक गोष्ट केली आहे. तुझ्या गोफणवालीला तो ताप कधीच लागणार नाही. कुठलंही पाणी पी, कोणाच्याही बाजूला बस. साऱ्या सातपहाडात अशी फक्त तू. कोणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. खुशी तुला निळी पडलेली बघणार नाही, एवढं माझ्याकडून पक्कं.

दवाखान्यात काही लागलं तर मले सांगजो. पाह्य, तुह्याशी बोलताना आपोआप येते. इथं दिवस दिवस तोंडातून 'मले' निघत नाही.

तुहा,
अतुल


घाटंजी
४ ऑगस्ट २०२५

अतुल,

तू मले वाचवलं अन् ताप खुशीले लागला.

तिच्या पात्राले, म्हणजे अस्वलवालीले. तिनं खालच्या विहिरीचं पाणी पिलं. आठ-नऊ दिवसांआधी, शनिवारी सात वाजता मी आली तं ती पारावर उभी, हात निळे, गळा निळा. मी काही टाइप करायच्या आधी डफ सुरू झाला. रोजचे दुकानदार, तो फुलं विकणारा म्हातारा, सगळे ओरडत आले. अस्वल बी बाजूले झालं. तू म्हटलं होतं ना अस्वलाले ताप येत नाही. तिले ढकलत वेशीबाहेर नेलं, तशी मी बी निघाली. वेस लागली, दोघी बाहेर.

खुशीनं लिवलं, आई दूर हो, तुले लागन.

हे शब्द तिचे नाहीत. कोनाचे आहेत ते मले चांगलं ठाऊक आहे. मी दूर झाली नाही. तिच्या बाजूले जाऊन बसली. मुळी आणायले तीन जण लागतात, आम्ही दोघीच. मंग चार-पाच संध्याकाळी आम्ही नुसत्या वेशीबाहेर बसून राह्यलो. ती शाळेतल्या गोठी सांगे, मी ऐकू. कधी नव्हे ते मले तिथं खूप बरं वाटलं, हे तुले खोटं वाटन.

परवा तिनं विचारलं, आई, तू माह्याजवळ इतकी बसते तं तुले काहून नाही लागत? मी लिवलं, माहीत नाही. थोड्या वेळानं तिचं आलं, आई मले माहीत आहे तुले टीबी आहे. आजीचं गुडघं खोटं आहे. शाळेत बी सगळ्यायले माहीत आहे. मंग तिनं लिवलं, तू निळी असताना माह्याजवळ बसते, मंग मी तुह्याजवळ काहून नाही बसू शकत?

मी निळी नव्हती, ती होती. पन तिनं तसंच लिवलं. तेवढ्यात आठ वाजले, बबलू फोन घ्याले आला. मी त्याले म्हटलं, अजून पाच मिनिटं दे. पन तिकडून तिच्या आजीनं फोन घेतला असन, ती निघून गेलती.

आता माही दोन कामं कर. पहिलं, तुही ती लाच काढून घे. मले बी लागू दे. पोरीनं खरं विचारलं अन् मी माहीत नाही म्हणून खोटं बोलली, असं पुन्हा नको.

दुसरं. मी पहिले म्हटलं खेळात रोग कायलेच पाहिजे. आता म्हणतो, ठेव. ठेव, पन खरा ठेव. डॉक्टरनं मले सांगितलं आहे, आता थुंकीत काही नाही, माह्यापासून कोनाले लागत नाही. गोळ्या मात्र पूर्ण खायच्या. अन् भांड्याकुंड्यानं तर हा रोग कधी लागतच नाही. हे मी तुह्या भाऊजींले सांगितलं, ते म्हणाले पोळ्यानंतर पाहू. नर्सबाईनं सासूले फोन करून सांगितलं, तिनं ऐकून घेतलं अन् ठेवला. तुह्या खेळात बी तसंच आहे, पूर्ण बरं होईपर्यंत वेस बंद. ते बदल. औषध लागू पडलं की वेस उघडू दे. निळा रंग राहू दे आंगावर, पन दारं उघडू दे. माह्या तोंडून कोनी मानत नाही. खेळानं सांगितलं तर पोट्टे तरी मानतीन.

तुही ताई


पुणे
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

दोन्ही कामं केली.

या वेळी अर्पिता मॅडमना खरं सांगितलं. नाव नाही सांगितलं, माझी बहीण एवढंच. त्या पहिल्यांदा म्हणाल्या, मग खेळ अवघड राहणार नाही, लोक कंटाळतील. मी म्हटलं, मॅडम, औषध घेऊनही दार उघडत नाही यात अवघड काय आहे, ते तर रोज होतं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, करून टाक. आता मुळीची पहिली मात्रा वैदूच आणून देतो, ती लागू पडली की स्वतः वेशीवर येतो आणि म्हणतो, याच्यापासून आता कोणाला लागत नाही, दार उघडा. डफवाले पुतळा नेतात, माणसाला नाही.

तुझी ती सवलतही काढली. काढताना हात थांबला होता.

आणि एक सांगायचं आहे. तुझं पत्र आल्यापासून मी रोज सात वाजता सातपहाडात येत होतो, अनोळखी पात्र घेऊन. मुळी आणायला तिसरा माणूस लागतो म्हणून आलो होतो. दुरून पाहिलं तर वेशीबाहेर तुम्ही दोघी बसलेल्या, तू आणि ती निळी पोरगी, आणि तिकडून काही जावं असं मला वाटेना. मी झाडाखाली उभा राहिलो. तुमचं बोलणं मला दिसत नव्हतं. आठ वाजले की तुम्ही नाहीशा व्हायच्या आणि मी तिथेच असायचो. ताई, मले बी येऊन बसावंसं वाटलं होतं.

तुहा,
अतुल


घाटंजी
२६ ऑगस्ट २०२५

अतुल,

वेडा आहे का तू. यायचं होतं ना. आम्ही काय नाही म्हणणार होतो.

तुहा तो वैदू वेशीवर आला, ते पाह्यलं. खुशी तर नाचलीच. अन् तिथंच घोळ झाला. तिनं जेवताना आजीले सांगितलं, औषध लागू पडलं की लागत नाही, आईले घेऊन या, सातपहाडात बी वेस उघडली. आजी म्हणाली, मोबाईलनं पोट्टी बिघडली, अन् फोन कपाटात टाकून किल्ली कमरेले. त्या दिवसापासून खुशी खेळात आली नाही. मी सात वाजता जाऊ, पारावर उभी राहू, आठ वाजता निघू. वेस उघडी अन् येणारं कोनी नाही. पहिले मी बाहेर होती, तवा ती संग होती.

मंग मी ठरवलं. पोळ्यानंतर पाहू म्हणाले होते ना, तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी यष्टीत बसली अन् राळेगावले गेली. तान्हा पोळा होता, गल्लीत पोट्टे लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून राह्यले होते. सासूनं मले पाह्यलं, हाकललं नाही. अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली. आतून चहा आला. त्यांच्यासाठी स्टीलचे गिलास अन् माह्यासाठी कागदी कप. नवीन आणून ठेवलेले होते, पुडकं तिथंच फोडलं. तुहे भाऊजी खाली पाहत होते. मी कप घेतला. भांडायले गेलती, पन पोरगी दिसली नव्हती अजून, म्हणून गप राह्यली.

तेवढ्यात खुशी आली, हातात बैल. उंच झाली रे. वेण्या वाकड्यातिकड्या, तिनंच घातलेल्या. सरळ आली अन् माह्या मांडीले टेकून उभी राह्यली. मंग तिनं माह्या हातातला कप घेतला अन् तोंडाले लावला.

सासू उठली. तुहे भाऊजी उठले. पन त्यायच्या दोघांच्या आधी माहा हात गेला, अतुल. मीच तिच्या हातातून कप हिसकला. डॉक्टरनं मले सांगितलं आहे, मी तुले लिवलं, साऱ्यायले सांगत फिरली, भांड्यानं लागत नाही म्हणून. अन् हात माहा गेला. चहा तिच्या फ्रॉकवर सांडला.

खुशीनं माह्याकडं पाह्यलं. म्हणाली, आई, तू बी?

मले बुढीनं गोठ्याजवळ टाकलं तवा मी रडली नाही. तिथं मी रडली, सगळ्यायच्या पुढं. मंग उरलेला चहा तिच्या हातात दिला. ती प्याली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. कोनी तिले अडवलं नाही. बुढी उभीच होती, मंग कप घ्याले हात पुढं केला अन् आत घेऊन गेली. फेकला का ठेवला, मले माहीत नाही.

तुहे भाऊजी म्हणाले, दसऱ्याले गोळ्या संपतात ना, मंग मीच येतो, या वेळी पक्कं. मी म्हटलं, बरं. पक्कं का कच्चं ते दसऱ्याले दिसन. वेण्या मात्र मी तिच्या घालून दिल्या. पाचच्या बसनं परत निघाली.

स्टँडवर खुशी आली होती. मी खिडकीजवळ बसली अन् ती खाली उभी, हात वर करून खिडकीचा गज धरलेला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी म्हटलं, दूर हो बेटा. ती हटली नाही, माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. मी पुन्हा म्हटलं, दूर हो. गाडी हलली तशी गज धरून दोन पावलं चालत आली. मंग मले समजलं. मी म्हटलं, चाक आहे ना वं खाली, म्हणून म्हणतो.

तवा तिनं हात सोडला.

तुही ताई,
उर्वशी